मोहरीला तोंड न्हाई

दाटीतले लांबट सूक्ष्म कण कुणाच्या हुकमाशिवाय, निव्वळ आकारामुळं रांगेत लागतात, असं आमच्या विज्ञान मंडळाचं पत्रक ठणकावून सांगत होतं. दुपारी पेठच्या शाळेत ते जिऱ्यावर दाखवायचं होतं. आळेफाट्याच्या स्टँडवर सराव करताना जिरं ताटलीत विस्कटलेलंच. मी चिडून ते बोटानं दाबत होतो.

शेजारी मसाला विकणाऱ्या मावशी हसल्या. “पावणं, दाबून कुठं जमतंय? हलायला जागा तर ठिवा!”

ताटलीतलं मूठभर जिरं काढून घेऊन त्यांनी ताटली हळूहळू ठोकली. लांबट दाणे एका दिशेला लागले.

“आणि मोहरी?” मी त्यांच्या पुड्यांकडं बोट दाखवून विचारलं.

“ती गोल. तिला तोंडच न्हाई, वळंल कुणीकडं?”

शाळेत मी पत्रक वाचलंच नाही. मावशींचंच बोलणं सांगितलं. पोरांनी ताटल्या ठोकल्या, जिरं वळलं.

आजही मंडळाच्या सभेत माझा आवाज चढला, की ताटली ठोकणारा तो हात आठवतो. मी बोलणं आवरून जागा ठेवतो, लोक बोलू लागतात.