डेरिव्हेटिव्ह आणि काकांची वजनं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, दोन हजार सालानंतर कधीतरी, मी आणि माझ्या मैत्रिणीने कांदाचाळीत, म्हणजे शेतावरच्या साठवणीच्या शेडमध्ये, ठेवलेल्या कांद्यावर प्रोजेक्ट घेतला. साठवणीत कांदा वाळतो, वजन घटतं. ती घट सांगणारं सूत्र पायथॉनमध्ये बसवायचं होतं. लासलगावजवळचे एक शेतकरी काका चार महिने दर रविवारी त्याच दहा गोण्या तोलून आम्हाला आकडे देत होते.

सूत्र आकड्यांवर बसवायचं तर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचे दर, लागतात. ते मी हातानं काढले, दोन फुलस्केप भरून, आणि स्वतःवर जाम खूश झाले. प्रोग्राम मात्र ऐकेना. दर फेरीला उत्तर आणखीच लांब पळायचं. राग माझ्या नाकावरच असायचा. मी काकांना फोन लावून ठणकावलं, "तुमची वजनं चुकलीत. सगळी टाकून द्यावी लागणार."

मैत्रीण पंचवटीतली, मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "अगं, त्यांना खोटं ठरवण्याआधी तुझं गणित तर तपासू."

तिने प्रोग्राममध्ये प्रत्येक फंक्शनचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे आपलं काम जाणणारा सुटा तुकडा, केला. त्याला आकडा दिला की तो दोन गोष्टी सांगायचा, स्वतःची किंमत आणि स्वतःचा डेरिव्हेटिव्ह. दोन ऑब्जेक्ट गुणले की तिसरा तयार व्हायचा आणि गुणाकाराचा नियम आपला आपण लावायचा. एकात एक घातले तर साखळीचा नियमही तसाच. माझं लांबलचक सूत्र तिने या सुट्या ऑब्जेक्टांतून जोडलं, आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह कुणी न काढताच हजर! मी आ वासून बघत राहिले. इतकं देखणं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

तिची उत्तरं माझ्या उत्तरांशेजारी ठेवली. एका जागी माझं उणे चिन्ह गळलं होतं. तिचे डेरिव्हेटिव्ह वापरल्यावर काकांच्या वजनांवर सूत्र चपखल बसलं. तिने एक टोमणाही मारला नाही. "चल, काकांकडे जाऊन येऊ," एवढंच म्हणाली.

"काका, चूक माझी होती," मी चाळीपाशी उभी राहून सांगितलं. काकांनी आतून वही आणली.

"तुमी शिकलेल्या पोरी. मला वाटलं, आपलंच कायतरी चुकलं. म्हणून शेजाऱ्याचा काटा आणला. फोन आल्यापासून रोज तोलतोय, दोन-दोन डाव."