आईच्या हातावरची पाखरं

आई गेली त्या वर्षी मी गोवा सोडून गावी परत आलो. गोव्यात मी टॅटू काढायचो. किनाऱ्यालगतच्या एका दुकानात आधी झाडलोट केली, मग डाळिंबाच्या सालीवर हात बसवला आणि शेवटी माणसांच्या अंगावर. गोव्याच्या हद्दीपलीकडे, जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याच्या बाजूला, जंगलात, चारच घरांची आमची वाडी आहे. तिथल्या माणसाचा मुलगा लोकांच्या कातडीवर चित्रं काढून पोट भरतो, हे गावात नीट सांगायची सोय नव्हती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोणी विचारलं तर ते म्हणायचे, ‘‘पेंटर हाय.’’ ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आल्यावर कळलं की आप्पा आणि मी कधी एकमेकांशी बोललेलोच नाही. आई होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ‘आप्पांना विचार, पेज घेणार का.’ ‘त्येला म्हनावं, गाडी हळू मार.’ आता मधलं माणूस गेलं होतं. सकाळी मी चहा ठेवायचो, ते पडवीत बसून प्यायचे. संध्याकाळी ते गुरं बांधून यायचे, मी भात वाढायचो. दिवसभरात आमच्यात जेवढे शब्द व्हायचे, त्याहून जास्त ते म्हशीशी बोलायचे. रेंज नाही, टीव्ही बिघडलेला, एस्टी आली तर आली. रातकिडे ओरडायला लागले की दोघेही आपापल्या भिंतीकडे तोंड करून पडायचो.

पोटासाठी काहीतरी करायलाच हवं होतं. गणेशगुडीला, सुप्याच्या धरणाखाली, काळी नदीत राफ्टिंग चालतं. पुण्याची, हुबळीची, बेंगळुरूची पोरं गाड्या भरून येतात. तिथल्या एका होमस्टेवाल्याने मला जेवणाच्या शेडशेजारची खोली दिली. मी टेबल मांडलं, दिवा लावला, बाहेर पाटी अडकवली. सकाळी पोरं नदीत भिजायची आणि दुपारी, अंगात अजून पाण्याचा जोर असताना, माझ्याकडे यायची.

कोणी होकायंत्र मागायचं, कोणी डोंगराची रेघ, कोणी पीस आणि त्या पिसातून उडणारे पक्षी. चित्र मोबाईलमध्ये तयार असायचं. गंमत म्हणजे तेच पीस मी कितीतरी हातांवर काढलं असेल, पण प्रत्येकाचा अर्थ निराळा होता. एकाने नोकरी सोडली होती, एकीचं लग्न मोडलं होतं, एकाचा कुत्रा मेला होता. सुई चालू झाली की माणसं बोलतात. हात माझ्या हातात असतो, मान खाली असते, आणि पुन्हा कधी भेट होणार नसते. मी ऐकायचो. संध्याकाळपर्यंत ती सगळी गाड्यांत बसून निघून जायची. मी दिवा बंद करून, परक्या लोकांची दुःखं डोक्यात घेऊन, मोटरसायकलवरून घरी यायचो. सांगायचं कुणाला?

एका दुपारी एक मुलगी एकटीच आली. तिशीच्या अलीकडची असेल. मूळची पुण्याची, नोकरी बेंगळुरूला. मी मराठी बोलतो हे कळल्यावर ती जरा सैल होऊन बसली.

‘‘काय काढायचं?’’

‘‘नाव.’’

‘‘कोणाचं?’’

‘‘माझंच.’’

लोक प्रेमातल्या माणसाचं नाव काढतात, मुलांचं काढतात, आईचं काढतात. स्वतःचं काढायला आलेलं माझ्याकडे हे पहिलंच माणूस. ती म्हणाली, ‘‘ऑफिसात मला दोन अक्षरांनी हाक मारतात. सोसायटीच्या वॉचमनला मी फक्त फ्लॅटचा नंबर आहे. मित्र म्हणाल तर सगळे मेसेजमध्ये. माझं अख्खं नाव घेऊन शेवटचं कोणी बोलावलं, ते मला आठवतच नाही.’’

तिने कागदावर नाव लिहून दिलं. जुन्या वळणाचं, लांबलचक, सुंदर नाव. मनगटाच्या आत हवं होतं. आमच्या कामात असा रिवाज आहे की अक्षरं समोरच्याला सरळ दिसतील अशी काढायची. मी तसं सांगितलं.

‘‘समोर कोण आहे?’’ ती म्हणाली. ‘‘मला वाचता आलं म्हणजे झालं.’’

मी स्टेन्सिल तिच्या बाजूने लावली. हातमोजे घातले, तिचं मनगट उशीवर ठेवलं, मशीन सुरू केलं. ती इतरांसारखी बोलली नाही. एकदाच म्हणाली, ‘‘सावकाश करा. मला कुठे जायचं नाहीये.’’

काम तसं थोडंच होतं. शेवटची वेलांटी संपवून मी शाई पुसली.

‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘एवढ्यात?’’

तिने हात काढून घेतला नाही. मीही पुसलेलं पुन्हा एकदा पुसलं. मग ती म्हणाली, ‘‘एकदा वाचून दाखवता?’’

मी तिचं नाव मोठ्याने वाचलं. सगळं, एकही अक्षर न गाळता. तिने ‘ओ’ दिली. अगदी घरातून कोणी हाक मारल्यावर द्यावी तशी. आणि दिली म्हणून स्वतःच हसली. हसताना तिचे डोळे भरले होते. मी प्लास्टिक गुंडाळायला खाली वाकलो, आणि वर बघतो तर दारात आप्पा उभे.

होमस्टेच्या स्वयंपाकघराला मुडल्या हव्या होत्या. मुडल्या म्हणजे आमच्याकडचे हातभर लांबीचे अळकुड्यांसारखे कंद. शहरातल्या लोकांना ते फार आवडतात. त्या द्यायला आप्पा सकाळी माझ्यामागे गाडीवर बसून आले होते. पोतं उतरवून ते झाडाखाली बसले असतील असं मी समजत होतो. ते किती वेळ दारात उभे होते कोणास ठाऊक. मला काम करताना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना गाडीवर ते मागून बोलले. वारा होता, दोनदा विचारायला लागलं.

‘‘ती पोरगी कोन?’’

‘‘गिऱ्हाईक.’’

‘‘काय लिवलंस तिच्या हातावर?’’

‘‘तिचं नाव.’’

‘‘तिचंच?’’

‘‘व्हय.’’

थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवाज आला. ‘‘येकटीच आल्ती?’’

‘‘व्हय, आप्पा.’’

एरवी ते गाडीच्या मागच्या कड्याला धरून बसतात. त्या दिवशी घर येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

मग काही दिवस गेले. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात माझ्यासमोर धरला.

‘‘तुझ्या आईच्या हातावर होतं, तसं मला काढ.’’

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांना चेष्टा येत नाही. आईच्या हातावर गोंदण होतं. लग्नाआधी, तिच्या माहेरी, फिरत्या गोंदणारणीने गोंदलेलं. तुळशीचं रोप. वयाबरोबर त्याच्या रेघा फुटून पसरल्या होत्या. आम्ही फोटो शोधला. मतदानाच्या कार्डावर नुसता चेहरा होता. एका लग्नातल्या फोटोत आई होती, पण तिचा हात पदराखाली. मग मी पेन्सिल घेऊन बसलो, आणि आप्पा शेजारी टेकले.

तुळस दोघांनाही सारखीच आठवत होती. तिथपर्यंत ठीक चाललं. मी खाली ठिपक्यांची ओळ काढली, आणि त्यांनी माझा हात धरला.

‘‘ठिपके न्हवं. पाखरं. दोन पाखरं हुती.’’

‘‘पाखरं नव्हती, आप्पा. ठिपके होते.’’

‘‘तू ल्हान हुतास.’’

‘‘ल्हान होतो म्हणूनच सांगतो. मी तिचा हात धरून झोपायचो.’’

‘‘मग मी काय बगितला न्हाई व्हय तिचा हात?’’

ते बोलून गेले आणि कानापर्यंत लाजले. सत्तरीच्या घरातल्या माणसाला असं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी कागदाकडे बघत राहिलो.

पण भांडण तिथे थांबलं नाही. भाकरी थापताना तिचा हात कसा दिसायचा, ते त्यांनी करून दाखवलं. मी म्हटलं, पिठाने माखलेल्या हातावरचं तुम्हाला काय दिसणार? ते म्हणाले, लावणीला ती चिखलात उतरायची तेव्हा बांगड्या वर सारायची, तेव्हा दिसायचं. तापात ती माझ्या कपाळावर हात ठेवायची तेव्हा मला अगदी डोळ्यांसमोर ठिपके दिसायचे, असं मी सांगितलं. त्यांना माझा तो ताप आठवत होता. मला खाटेवर घालून जोयड्याच्या दवाखान्यापर्यंत कसं नेलं, ते त्यांनी सांगितलं. हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. ऊन पडवीतून आत सरकत होतं, म्हैस दाव्याला हिसके देत होती, आणि आम्ही दोघे आवाज चढवून बोलत होतो. आई गेल्यापासून आमच्या घरात इतका आवाज झालाच नव्हता.

शेवटी मी दोन कागद त्यांच्यासमोर ठेवले. एकावर ठिपके, एकावर पाखरं. पाखरांचा कागद त्यांनी उचलला.

मी म्हटलं, ‘‘हात तुमचा. तुम्ही म्हणाल तसं.’’

कामाच्या खोलीवर यायला ते तयार नव्हते. मग मी सगळं सामान घरी आणलं आणि पडवीत, उजेडाकडे तोंड करून त्यांना बसवलं. शाईचा रंग त्यांनीच सांगितला. मी काळी काढली तर म्हणाले, ‘‘हिरवं हुतं. मी तिला बगायला गेल्तो, तवा हिरवंगार हुतं.’’ मी काळ्यात हिरवी मिसळली, त्यांच्या अंगठ्याच्या नखावर थेंब लावून दाखवला, आणि ते ‘अजून’ म्हणत गेले.

तो हात मी कधी इतका जवळून पाहिला नव्हता. कोयत्याचे व्रण, काजूच्या चिकाचे डाग, आणि त्यामध्ये पातळ झालेली, ताणली की कागदासारखी होणारी कातडी. सुई खोल न जाऊ देता अगदी वरवर चालवावी लागली. त्यांनी दात आवळले नाहीत की हात हलवला नाही. पहिलं पाखरू झाल्यावर विचारलं, ‘‘तिला दुकलं आसंल न्हवं?’’

‘‘दुखलं असणार. तेव्हा मशीन नव्हतं. हातानेच टोचायच्या.’’

‘‘बोलली न्हाई कदी,’’ ते म्हणाले.

झाल्यावर त्यांनी बराच वेळ हात बघितला. मग उठले आणि गुरांना सोडायला गेले. मी ओरडून सांगितलं, शेणाचा हात लावू नका, त्यावर पाणी घालू नका. त्यांनी मान हलवली.

वाडीत लोक हसले. शेजारचा काका म्हणाला, ‘‘म्हाताऱ्याला आत्ता ह्ये सुचलं?’’ आप्पा बाजाराला जाताना बाही खाली करायचे, घरी आले की वर सारायचे. आमचं बोलणं पुन्हा होतं तेवढ्यावरच आलं. मला वाटलं होतं आता बदलेल. तसं काही झालं नाही. पण जेवताना ते गोंदलेला डावा हात मांडीवर उताणा ठेवायला लागले, आणि मी समोर बसायचो.

पावसाळ्यात राफ्टिंग बंद झालं आणि माझी खोलीही. बेंगळुरूच्या एका स्टुडिओत जागा मिळाली. मी आप्पांना सोबत चला म्हटलं. ‘‘म्हस कोन बगनार?’’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आता मी एका खोलीत राहतो. खालच्या मेसवाल्याला मी ‘भैया’ आहे, स्टुडिओत ‘बॉस’. दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात हातात असतो, आणि सुट्टीच्या दिवशी कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही.

मध्यंतरी आप्पांचा फोन आला. फोनसाठी त्यांना टेकाडावर चढावं लागतं, त्यामुळे आवाजात धाप असते. आईच्या माहेरची एक चुलत बहीण, जिचं आमच्याकडे कधीच येणं-जाणं नव्हतं, ती लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. तिने आप्पांचा हात पाहिला.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हनाली, तुळस बरोबर हाय. खाली कायच न्हवतं.’’

‘‘काहीच नव्हतं?’’

‘‘आसं ती म्हन्ती. तिला काय म्हाईत?’’

मला हसू आलं. पलीकडे तेही हसल्यासारखं वाटलं, पण वाराही असेल.

‘‘जेवलास?’’ त्यांनी विचारलं.

‘‘जेवलो,’’ मी म्हटलं. जेवलो नव्हतो.

‘‘बरं. उतरतो आता. अंदार व्हायच्या आत गेलं पायजे.’’

त्यांना फोन बंद करता येत नाही. तो तसाच खिशात गेला, आणि मग बराच वेळ मला त्यांची पावलं ऐकू येत राहिली, वाळल्या पानांवरून खाली जाणारी, रेंज जाईपर्यंत.