मधला माइक

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी आवाजाच्या मिक्सरपुढे तीस वर्षं बसला, पण तीस वर्षांत त्याला धड गाणारा म्हणून एक भेटला नाही. कुणी नाकात गातो, कुणी माइक गिळतो, कुणाचा सूर सुटीवर गेलेला. माझ्यामुळे ही मंडळी गायक म्हणून खपतात, हे तो चहाच्या पहिल्या घोटाला सांगायला लागे आणि कप रिकामा झाला तरी थांबत नसे.

अलीकडे मात्र त्याने स्वतःच दिवे लावायला सुरुवात केली होती. दोन वर्षांपासून त्याला शब्द नीट ऐकू येईनात. आवाज यायचा, पण स, श, फ अशी अक्षरं वाटेतच गळायची. मग हा शहाणा गाणाऱ्याच्या माइकचं ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, चढवत बसायचा. याला शब्द कळेपर्यंत लोकांच्या कानांत टाचण्या. तक्रार आली की म्हणे, लोकांना ऐकायची अक्कल नाही. बायकोने कान तपासून घ्या म्हटलं, तर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. तिला तो आठवडा बरा गेला.

शेवटी व्यवस्थापकाने बजावलं, आणखी एक तक्रार आली की या खुर्चीवर दुसरा माणूस. खुर्ची गेली तर याच्यापाशी उरणार काय, तर नावं ठेवण्याची हौस. हे त्यालाही ठाऊक होतं. तो मनातून पार घाबरला होता.

अशात तो बँड आला. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि बेस गिटार वाजवणारी एक खणखणीत आवाजाची मुलगी.

"गाणारा कुठंय?" कानसेनने विचारलं.

"गाणारा नाहीच काका. आम्ही नुसतं वाजवतो."

"मग लोक काय ऐकणार? तुमचे केस?"

ती हसली. इतकं बोलूनही त्याने सवयीने रंगमंचाच्या मधोमध गायकाचा माइक उभा केलाच.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. पहिली पाच मिनिटं तो "शेंडा ना बुडखा" असं पुटपुटत होता. मग बेसचा ठोका टेबलातून त्याच्या तळहातात आला, तिथून छातीत. यात गळायला काही नव्हतंच. एक गिटार वाकडं बोले, दुसरी उलट उत्तर देई, भांडण मिटे, पुन्हा पेटे, आणि ते कळायला कुणालाही एका शब्दाची गरज पडत नव्हती. पोक्त माणसं खुर्चीत पाय आपटत होती. कानसेनची मान डोलू लागली. ते लक्षात येताच त्याने मान खाजवल्यासारखं केलं. पण एक हात टेबलावर सपाट ठेवून त्या दिवशी त्याने जो आवाज बांधला, तसा तीस वर्षांत बांधला नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेली त्याची बायको बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे प्रेमाने बघत होती.

वाजवणं संपलं. लोक उभे राहिले. बेसवाली मुलगी मधल्या माइकपाशी आली आणि मिक्सरकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. सगळं सभागृह मागे वळलं.

कानसेनला वाटलं, झाली तक्रार, आणि तीही भर सभेत. ती काय बोलतेय ते कळावं म्हणून त्याने ट्रेबल चढवलं. कळेना. आणखी चढवलं. समोर लोकांनी कानांवर हात दाबले, मुलीने तोंड फिरवलं, व्यवस्थापक धावत निघाला. माइक जिवाच्या आकांताने शिट्टी मारत होता. ती ऐकू येत नव्हती ती फक्त कानसेनला.

बायको आधी पोचली. तिने स्वतःच्या हाताने मधल्या माइकचं बटण खाली ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, तुमचं कौतुक करत होती ती. इतका छान आवाज आम्हाला कुणीच दिला नाही म्हणाली."

व्यवस्थापक येऊन समोर उभा होता. कानसेनने त्याच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचा हातही त्याने उचलला नाही, पण टेबल आता गप्प होतं.

"मग जरा मोठ्यानं म्हणायचं ना," तो म्हणाला.