पत्रकातलं तिसरं वाक्य

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. बाबा हातमाग कामगारांच्या संघटनेत होते, आणि लहानपणी मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायची. पुढे माग बंद पडले, संघटना विरली, बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात गेटवर बसायला कंपनीच्या बसनं जाऊ लागले. पत्रक कसं लिहायचं याचे त्यांचे नियम मात्र घरात राहिले. वाक्य छोटं. मागणी सरळ. आणि दुश्मन एकच.

"दोन दुश्मन लिहिले का लोक कोणालेच धरत नाही," ते म्हणायचे.

मी शाळेत कविता पाठ केल्या नाहीत, पत्रकं पाठ केली. म्हणून आईची शुगर वाढली तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

वस्तीतल्या मनपाच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं होतं. वजनकाट्याजवळची सिस्टर प्रत्येक बाईचं वजन मोठ्यानं ओरडून सांगत होती आणि रांगेतल्या बाया पदर तोंडावर घेऊन हसत होत्या. ते हसणं मला अजून सहन होत नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना एकच चिठ्ठी दिली : रोज पाऊण तास चाला, तळलेलं बंद. आईनं विचारलं, "चालू कुठं?" तोपर्यंत डॉक्टरांनी पुढची चिठ्ठी हातात घेतली होती.

प्रश्न खरा होता. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या असतात. आई दिवसभर जमिनीवर बसून साड्यांना खडे चिकटवते. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे लेआउटमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, बाग आहे, बागेत चालायचा ट्रॅक आहे, व्यायामाची यंत्रं आहेत. पण ती उघडते सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ. त्या वेळेला आमच्या बाया नळावर किंवा चुलीपाशी असतात. त्या मोकळ्या होतात दुपारी तीनला. तीनला बागेला कुलूप असतं. बागेची वेळ ठरवताना आमच्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. हा अन्यायच आहे, आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

शाळेला लागून एक रिकामा प्लॉट आहे. एकेकाळी तिथे विणकर ताणा पसरायचे, म्हणजे साडीचं उभं सूत लांबच लांब ताणून ठेवायचे, आणि बाया हातात ब्रश घेऊन त्या सुताला खळ लावत सकाळभर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या. आई लग्न होऊन आली तेव्हा तेच करायची. "तवा कोणी आम्हाले चाला म्हणून सांगत नव्हतं," ती म्हणते. आता त्या प्लॉटला टिनाचं फाटक आहे आणि फाटकाला मनपाचं कुलूप.

अशात मनपाच्या झोन कार्यालयातल्या आरोग्य विभागानं कळवलं की वाढतं वजन आणि शुगर यांच्यासाठी प्रभागाचा आराखडा करायचा आहे, नागरिकांनी सूचना द्याव्यात, गुरुवारी शाळेत बैठक आहे. मी एका दमात पत्रक लिहून काढलं. पहिलं वाक्य : प्लॉटचं कुलूप काढा. दुसरं : दुपारी तीनला बायकांना चालायला जागा द्या. मग दुश्मन हवा होता. कुलूप कोणाच्या हुकमानं लागलं ते विचारायला गेले होते, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवलं. किराणा दुकानात ज्यांच्या चिप्सच्या पुड्यांच्या माळा लटकतात त्या कंपन्यांचं तोंड आम्ही कधी पाहिलेलं नाही. ठेले मात्र रोज डोळ्यांसमोर. मी तिसरं वाक्य लिहिलं : शाळेच्या आजूबाजूचे विषाचे ठेले हटवा.

मोठ्यानं वाचून पाहिलं. छान घुमलं. सोमवारी सकाळी छापून आणलं, झोनमध्ये एक प्रत देऊन शिक्का घेतला आणि बाकीच्या वस्तीत वाटल्या.

प्लॉटच्या फाटकाला टेकूनच मावशीचा आलूबोंड्याचा ठेला आहे. मावशी नात्यातली नाही, आईसोबत त्याच ताण्यावर खळ लावणारी. माग गेला तेव्हा तिनं कढई घेतली. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण लिहिताना 'ठेले' हा शब्द लिहिला की त्यात कोणी उभं राहतं हे माझ्या डोक्यात नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिनंच हाक मारली.

"काय वं लेखिका! ये, जहर खाऊन जाय."

गिऱ्हाइकं हसली. तिनं माझ्या पत्रकांचा गठ्ठा तारेला अडकवला होता आणि त्याच्यावरच बोंडे देत होती.

"तुयं पत्रक बम कामाचं आहे. वर्तमानपत्रापेक्षा तेल चांगलं शोषते."

"मावशी, ते तुमच्याबद्दल नाही. एकंदर बोलले मी."

"एकंदर म्हणजे कोण? तो पाणीपुरीवाला? त्याले सांगू का?"

मीही हसले. मनात जरा फुगलेच होते. लोक वाचत होते ना.

त्याच दुपारी झोनच्या आरोग्य अधिकारी मॅडमचा फोन आला. आवाजात अवघडलेपण होतं. त्या म्हणाल्या, पत्रकाची प्रत आवक-जावकमधून अतिक्रमण विभागाकडे गेली आहे, त्यांनी ती नागरिकांची तक्रार म्हणून नोंदवली आहे, शुक्रवारी गाडी येणार. "तुमचा तो उद्देश नसेल, पण लिहिलंय तसंच."

गाडी येते म्हणजे काय ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. ठेला उचलून डेपोत टाकतात. सोडवून आणेपर्यंत त्याची चाकं आणि कढई जागेवर राहत नाहीत. मी लगेच निघाले. ठेल्यापाशी पोहोचले. मावशीनं काही न विचारता दोन बोंडे पुढे केले. मी ते खाल्ले. चटणी पण मागितली. आणि घरी परत आले.

आईला सांगितलं. तिच्या बोटांना डिंक लागलेला होता, ती तशीच थांबली.

"मंग जाय ना, तिले सांग."

"गुरुवारी बैठकीत मांडते मी. व्यवस्थित."

"दहा लोकांसमोर तुले बोलता येते. एका बाईले तोंडावर सांगता येत नाही तुले."

बाबा शिफ्टवरून आल्यावर त्यांनी पत्रक हातात घेतलं, तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं आणि पत्रक माझ्या हातात परत दिलं.

बुधवारी सकाळी गेले. मावशी उकडलेले बटाटे सोलत होती. मी सांगितलं. ती सोलतच राहिली.

"कधी येऊन राहिली गाडी?"

"शुक्रवारी."

"तुले कधी समजलं?"

"काल."

"काल कधी?"

"दुपारी."

"म्हणजे मंग तू माह्या हातचे दोन बोंडे खाऊन गेली," ती म्हणाली, आणि बटाट्याचं पातेलं माझ्यापासून थोडं पलीकडे सरकवलं.

गुरुवारी दुपारी शाळेच्या वर्गात बैठक होती. तीन वाजता तिथे मी, मॅडम आणि पलीकडच्या लेआउटमधले चार-पाच जण. लहान मुलांच्या बाकांवर ते गुडघे वर करून बसले होते. आमच्या वस्तीतलं कोणी नाही. लोक आले नाहीत तर आराखड्यात आमचा प्लॉट राहणार नाही आणि शुक्रवार मात्र राहील, हे मला दिसत होतं. मी दाराकडे बघत होते.

सव्वातीनला बाया आल्या. एकदम वीस-पंचवीस. आई होती, मावशी सगळ्यांत मागे. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. त्या माझ्यासाठी आल्याच नव्हत्या.

लेआउटमधले एक गृहस्थ उठले. चांगले बोलणारे होते. त्यांनी स्वच्छतेबद्दल सांगितलं, मुलांच्या आरोग्याबद्दल सांगितलं आणि खिशातून माझं पत्रक काढलं. "हे आम्ही म्हणत नाही. याच वस्तीतल्या मुलीनं लिहिलंय. विषाचे ठेले."

मी उभी राहिले. "ते वाक्य माझं आहे," मी म्हणाले, "वस्तीचं नाही. मी कोणालाही विचारलं नव्हतं."

"मग बाकीचं पत्रक कोणाला विचारून लिहिलंत?"

खरं उत्तर एकच होतं. "ते पण नाही विचारलं."

मागून कोणीतरी हसलं. मावशी उठली. तिला वाकडं बोलायची सवय, पण त्या दिवशी ती सरळ बोलली.

"मॅडम, तळून काहून विकतो तेवढं लिहून घ्या. फाटकापाशी पाणी नाही, सावली नाही. तळलेलं दिवसभर टिकते. उकडलेले चणे उन्हात दोन घंट्यात आंबते, मोड आलेले मूग धुवाले पाणी लागते. आत त्या प्लॉटमंदी नळ द्या, टिनाची सावली द्या, मी चणे देतो, मूग देतो. कढई पेटवाची मले काय हौस आहे? भट्टीसमोर उभं राहून माहीच शुगर वाढली."

मॅडम लिहीत होत्या. मग बायांचा गलका सुरू झाला. तीन वाजता फाटक उघडा, पण पानठेल्याच्या बाजूनं भिंत घाला, टोळकं बसते तिथं. व्यायामाची यंत्रं नको, साडी अडकते त्यात. नुसती सपाट जमीन द्या. संडास पाहिजे. आणि कुठूनतरी माझ्या आईचा आवाज : "वजन कराल ते कानात सांगा, वरडू नका."

यातलं एकही वाक्य माझ्या पत्रकात नव्हतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आराखड्यात हे सगळं जाईल, पण अतिक्रमण विभाग माझा नाही. मी शिफारस लिहून देते, सोबत रहिवाशांचं पत्र द्या, दोन्ही उद्या दहाच्या आत तिथे पोहोचली पाहिजेत." मी कागद पुढे ओढला. शेजारच्या बाईनं तो माझ्या हाताखालून काढून घेतला. "तू नको लिहू," ती म्हणाली. सातवीपर्यंत शिकलेल्या एका सुनेनं लिहिलं, बाकीच्यांनी सांगितलं. 'प्लॉटच्या फाटकाजवळचा ठेला उचलू नये, आम्ही रोज तिथे खातो, त्याला आत जागा द्यावी.' सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही मावशीनं शेवटी करू दिली, कोपऱ्यात.

शुक्रवारी साडेनऊला मी अतिक्रमण विभागाच्या दाराशी होते. आवारात गाडी उभीच होती, मागे दोरखंड टाकलेले. बाबूनं दोन्ही कागदांवर शिक्के मारले आणि साहेब फिरतीवर आहेत म्हणाला. म्हणजे गाडी थांबणार का, ते त्यालाही सांगता येईना. मी शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स काढली आणि ऑटो करून परत आले.

अकराला गाडी आली. मावशीनं कढईखालचा गॅस बंद केला होता, पण ठेला हलवला नव्हता. बाया फाटकाला पाठ लावून उभ्या. पथकातल्या माणसानं प्रत वाचली, कोणाला तरी फोन लावला, ऐकत राहिला. तो "हो साहेब" म्हणायचा आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. शेवटी त्यानं ठेल्याचा फोटो काढला.

"हा राहू दे सध्या. जागेचं ठरेपर्यंत."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशीनं कढईखालचा गॅस परत पेटवला.

गाडी निघाली, पण आली त्या वाटेनं गेली नाही. शाळेला वळसा घालून शाळेच्याच मागच्या फाटकाकडे वळली. तिथे पाणीपुरीवाला आणि एक म्हातारा भेळवाला उभे राहतात. आमच्या पत्रात एकच ठेला होता. माझ्या पत्रकात मात्र 'आजूबाजूचे' असं लिहिलेलं होतं, आणि ते दोघे काल बैठकीला आले नव्हते, कारण त्यांना बोलवायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"उभी काहून राहिली?" मावशी ओरडली. "पळ ना वं! त्याइचंही सांग!"

मी झेरॉक्स हातात घेऊन पळाले. कोपऱ्यावर वळले तेव्हा पथकातली दोन माणसं उतरली होती आणि एकानं पाणीपुरीच्या ठेल्याच्या पायाला दोर बांधायला घेतला होता. माझ्या कागदात त्या माणसाबद्दल एक शब्द नव्हता. मी ठेल्याची दांडी धरली आणि पहिल्यांदा त्यालाच विचारलं, "दादा, तुमचं काय म्हणणं आहे?"