साखर पेठेतले दोन पाहुणे

साखर पेठ आमच्या घरापासून इतकी जवळ, की वारा तिकडचा असला म्हणजे मागांची खटखट माजघरात ऐकू यायची. पण लग्नाला वर्ष होत आलं तरी मी ती पेठ पाहिली नव्हती. सुनेने कुठे जायचं ते ठरलेलं असे : देऊळ, विहीर, आणि कुणाकडे हळदीकुंकू असेल तर ते घर. बाकी सोलापूर असो नसो, आम्हाला काय त्याचं!

त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर हे आपल्या आईला म्हणाले, "हिला जरा सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेऊन आणतो." सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. ह्यांना पुण्याच्या एका कचेरीत कारकुनाची जागा मिळाली होती आणि त्याच आठवड्यात निघायचं होतं. पगार वाढून बिऱ्हाड करता येईपर्यंत मी इथेच राहायचं, असं घरात ठरलं होतं. किती वर्षं, ते कुणी बोललं नव्हतं. सासूबाईंना त्या दिवशी मुलाची दया आली असावी. "या जाऊन," म्हणाल्या.

मला एकच गोष्ट आतून खात होती. वर्षभरात आम्ही दोघं दिवसाउजेडी धड बोललो नव्हतो. भरल्या घरात नवराबायको बोलत नसत. "पाणी ठेवलंय," "टोपी कुठाय" एवढ्यावर आमचा संसार चालला होता. हे मला आवडू लागले होते. मी ह्यांना आवडते, की नुसती घरात आणून ठेवलेली आहे, ते मात्र कळलं नव्हतं. आणि आता हे निघाले होते.

दर्शन झालं. देवळाबाहेर आल्यावर हे घराकडे न वळता भलतीकडेच वळले. मी गोंधळून थांबले, तर मागे न पाहता म्हणाले, "आज आपण परगावचे. सोलापूर बघायला आलोय. चल."

आणि मग काय विचारता! घरात ज्यांच्या तोंडून शब्द निघायची मारामार, ते गृहस्थ एकदम वाटाड्या झाले. मी चार पावलं मागून चालत होते. बरोबरीने चालायची रीत नव्हती. ते समोर बघून बोलायचे आणि मी त्यांच्या वहाणांकडे बघून ऐकायचे. एका बुजलेल्या आडापाशी थांबून अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्या आडात एका सरदाराची पगडी पडली होती. अजून शोधतायत." पुढे एका बोळाबद्दल म्हणाले, "ह्या बोळात शिरलेला माणूस कधी वेळेवर कामावर पोचत नाही. पुरावा तुझ्यापुढे चाललाय." मी पदर तोंडाशी धरून हसले. ते त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यानंतर रस्त्यातल्या प्रत्येक ओट्याला काही ना काही इतिहास निघायला लागला. भट्टीवरच्या गरम शेंगांची पुडी घेतली आणि हात मागे करून माझ्यापुढे धरली. भर रस्त्यात खायचं म्हणजे केवढा चावटपणा! मी खाल्ल्या, आणि चांगल्या मूठ भरून खाल्ल्या.

साखर पेठ लागली तसं खरोखरच परगावी आल्यासारखं वाटलं. घराघरात माग. पुरुष खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेले, ओट्यांवर बायका रहाटावर सुताच्या कांड्या भरतायत, आणि कानावर पडतंय ते सगळं तेलुगू. एका गल्लीत तर रस्ताच अडवलेला होता. लुगड्यांचे उभे धागे, त्यांचा तो लांबच लांब ताणा, गल्लीभर बांबूंवर ताणून धरला होता आणि दोन्ही अंगांनी माणसं कुंच्यांनी त्याला खळ लावत सरकत होती. पेजेसारखा ओला वास सुटला होता. ताण्याखालून कुणी वाकून जायचं नाही, एक धागा तुटला तरी गाठ मारत बसावं लागतं. हे डाव्या अंगाने गेले. मला एका बाईने हाताने उजवीकडे केलं.

धागे डाळिंबी रंगाचे होते. मी बघतच राहिले. भानावर आले आणि समोर वहाणा दिसल्या, त्यावर धोतराचा तसाच काठ, तसा कोट. मान वर करून नवऱ्याकडे बघायची सवय कुठे होती! मी मुकाट्याने मागे निघाले. दोनतीन वळणं घेऊन वहाणा एका दारात थांबल्या, वळल्या, आणि वर पाहिलं तर ह्या मोठ्या मिशा! ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त घाबरले आणि घरात जाऊन त्यांनी आपल्या आईला बाहेर पाठवलं.

"कुणाच्या घरची गं, अम्मा?" म्हातारीने विचारलं. आडनाव सांगावं, तर बातमी माझ्याआधी घरी पोचणार. "घरवाल्याचं नाव काय तुझ्या?" आता ते तर घ्यायचंच नसतं. उखाण्यात घेता आलं असतं, पण हरवलेल्या बाईने परक्या गल्लीत उभं राहून उखाणा घ्यायचा की काय! माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. आणखी दोघीचौघी जमल्या.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून हाक आली. कुणी पुरुष एका बाईला नावाने हाका मारत होता. एकदा, दोनदा, मग घसा फोडून. भर रस्त्यात बायकोचं नाव! मला त्याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचा हेवाही वाटला.

"तुला बोलवतो काय गं?" म्हातारी म्हणाली.

"नाही. ती दुसरी कुणी."

हाका थांबल्या. जरा वेळाने तोच आवाज पुन्हा आला, आणि ह्या खेपेला त्याने माझं माहेरचं नाव घेतलं.

मी धावत सुटले. धावता धावता उमगलं की आधीचं नावही माझंच होतं, लग्नात ठेवलेलं. सासरी मी "सूनबाई" नाहीतर "अगं"; ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं, ह्यांचा चढलेला आवाजही कधी ऐकला नव्हता, मग मी वळून बघणार कशी?

हे ताण्याच्या टोकाशी टोपी हातात घेऊन उभे होते. चेहरा पांढराफटक. आजूबाजूची माणसं कुंचे थांबवून बघत होती.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. त्यांच्याकडे बघून विचारलं.

"ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायला बसवलं ना, तेव्हा तुझ्या काकांना विचारून घेतलं होतं. जुनंच ठेवू म्हणालो. कुणी ऐकलं नाही." टोपी डोक्यावर ठेवून हे चालू लागले, मी मागे. थोडं पुढे गेल्यावर समोर बघतच म्हणाले, "पगार वाढायची वाट बघत नाही बसायचं. एक खोली मिळाली तरी पुरे. तू येशील पुण्याला?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, पुढे बघत चालणाऱ्या माणसाला मान हलवलेली दिसत नाही. म्हणून चांगलं मोठ्याने म्हणाले, "येईन."