रुमालातला बेडूक

शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही सात-आठ मुली कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात भरतकामाला बसायचो. सिस्टर पिलार प्रत्येकीच्या रुमालावर वेल काढून द्यायच्या आणि त्या वेलीत कुठेतरी नखाएवढा हिरवा बेडूक स्वतःच टाके घालून लपवायच्या. मग कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "सापडला का वं बेडूक?"

जिला आपणहून सापडेल ती परीक्षेत पास, असा त्यांचा नियम. बेडूकच का, असं माझ्या मैत्रिणीने, विमलने, एकदा विचारलं तर नुसत्या हसल्या. शाळेच्या विहिरीत बेडूक फार, म्हणून असेल... आम्ही आपलं ठरवून टाकलं.

वर्गात इंग्रजी चालायचं. पण व्हरांड्यात सिस्टर तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादी मराठीत बोलायच्या. स्पेनहून आलेल्या या बाई ती भाषा आमच्याकडून आणि दारावरच्या भाजीवालीकडून शिकल्या होत्या. चुकल्या की आम्ही फिदीफिदी हसायचो. "काऊन हासून राह्यल्या? नीट सांगा," म्हणायच्या, आणि नीट कळेपर्यंत आम्हाला सोडायच्या नाहीत.

आता सिस्टर खूप थकल्यात. मंचेरियलला म्हाताऱ्या सिस्टर लोकांचं एक घर आहे, तिथे असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत आधी त्यांची तेलुगू गेली, मग इंग्रजी... आणि शेवटी मराठी. आता फक्त आईची भाषा उरली आहे, आणि ती तिथे कुणालाच येत नाही.

त्यांची काळजी घेणारी स्वरूपा जीव लावून सगळं करते. पण मला म्हणाली, "मॅडम, अम्मा दिनभर बातां करते. हमना कुछ समझताच नै."

म्हणून मी साठी उलटल्यावर ऑनलाइन स्पॅनिश शिकायला लागले. आठ महिन्यांनी मंचेरियलला गेले आणि पाठ केलेली चार वाक्यं बोलले. सिस्टरांनी माझा हात घट्ट धरला आणि दहा मिनिटं बोलायच्या थांबल्याच नाहीत... त्यातलं मला 'पाणी' आणि 'आई' एवढंच कळलं.

मी मान हलवत राहिले. घरी आल्यावर त्याची फार लाज वाटली. न कळता मान हलवणं सिस्टरांनी आमच्याबाबतीत कधीच केलं नव्हतं.

मग ठरवलं, चार आठवडे स्पेनला जाऊन नीट शिकायचं. क्लासवाल्यांनी चार शहरं सुचवली... मद्रिद, बार्सिलोना, ग्रनादा, सालामांका. मुलगा म्हणाला, "आई, बार्सिलोना घे, समुद्र आहे." सालामांका लहान, जुन्या विद्यापीठाचं गाव, एका घरात राहायचं आणि पायी वर्गाला जायचं. मला तेच बरं वाटत होतं, पण ठरत नव्हतं.

विमल मुधोळला मास्तरीण होती, आता रिटायर झाली आहे. तिने आधी थट्टा केली. "पाटी-पेन्सिल घेऊन चालली का वं शाळंत, या वयात?" मग म्हणाली, "सिस्टर इकडं हायेत, अन् तू काऊन तिकडं चालली? तू येईपर्यंत त्या राह्यल्या नाई तं?"

 

गेल्या महिन्यात मी चारही शहरांचे फोटो फोनवर घेऊन सिस्टरांकडे गेले. तीन शहरं झाली, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. चौथा फोटो सालामांकाच्या विद्यापीठाच्या दाराचा होता. सोनेरी दगड, त्यावर खालपासून वरपर्यंत बारीक कोरीव काम.

सिस्टर सरळ होऊन बसल्या. त्यांचं बोट त्या दारावरून हळूहळू फिरायला लागलं. फोटो सरकून जायचा, मी परत आणायची, बोट परत फिरायचं...

"अम्मा फोन साफ करते," स्वरूपा म्हणाली. मलाही तसंच वाटलं. शेवटी बोट उजव्या बाजूच्या एका खांबावर थांबलं. त्यांनी तिथे दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी व्हरांड्यात पाहिलेली होती.

परतीच्या बसमध्ये मी तो फोटो मोठा करून पाहिला. खांबावर एक कोरलेली कवटी... आणि कवटीवर एक चिमुकला बेडूक बसलेला. विद्यापीठाच्या माहितीत लिहिलं होतं की नवे विद्यार्थी तिथे उभे राहून तो शोधतात. ज्याला आपणहून सापडतो तो पास होतो म्हणे.

सिस्टर तिथे शिकल्या होत्या की नुसत्याच त्या दारात उभ्या राहिल्या होत्या, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना त्यांच्या गावाबद्दल काही विचारलंच नाही. आता विचारायचं आहे. त्यांच्या भाषेत, आणि उत्तर कळेल इतपत नीट.

विमलला फोन करून सगळं सांगितलं. तिने निघायची तारीख विचारली. मग म्हणाली, "जाय. पन लवकर ये. दर रविवारी मी जाईन सिस्टरकडं."

सोमवारी निघते. रात्री डोळ्यांना दिसत नाही, म्हणून महिनाभर दुपारी बसून चार रुमाल भरलेत. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत, घराची किल्ली विमलकडे. हे लिहिलेलंही तिच्याकडेच ठेवून जाते आहे. निळा स्वरूपाला द्यायचा. पिवळा माझ्या सुनेला. पांढरा विमल, तुझा. चष्मा लावून शोध, मी सांगणार नाही.

हिरव्या काठाचा सिस्टरांचा. तो मी आल्यावर माझ्या हाताने देईन. पण त्या आधीच गेल्या, तर विमल, तो तू त्यांच्या हातात ठेव. बेडूक वर दिसेल असा ठेव... आता त्यांना शोधायला लावू नकोस.