फितूर संग्राम आणि आलेखाचे रंग

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात संग्राम आणि ऋतुराज यांच्या खुर्च्या एकमेकींना खेटून होत्या, पण दोघांचं बोलणं मात्र समोर बसणाऱ्या संघप्रियामार्फत चालायचं. "संघप्रिया, त्याला सांग, फाईल पाठवलीय म्हणून," असं ऋतुराज म्हणायचा. संग्रामने ते हातभर अंतरावरून ऐकलेलं असायचं. तरी ती बिचारी मान वर करून सांगायची, "फाईल पाठवलीय रे." हुद्दा टीम लीडरचा आणि काम पोस्टमनचं, म्हणून ती रोज करवादायची.

याला कारण चौदा वर्षांपूर्वीची फुटबॉलची फायनल. दोघं एकाच पेठेचे, एकाच तालमीच्या संघातले. ऋतुराज गोलकीपर, संग्राम बचावाला. शेवटची दोन मिनिटं उरली असताना संग्रामने आपल्याच गोलसमोर चेंडू अलगद, ताटात वाढल्यासारखा, समोरच्या संघाच्या खेळाडूला दिला. तो काय सोडतोय? मारला गोल, गेला कप. त्या दिवसापासून अख्ख्या पेठेत संग्रामचं नाव 'फितूर' पडलं. त्याच्या लग्नात अक्षता टाकायलासुद्धा संघातलं कुणी फिरकलं नाही.

खरं काय ते एकट्या संग्रामला ठाऊक. त्याला तांबडा आणि हिरवा हे दोन्ही रंग सारखेच दिसतात, मळकट खाकी. आपला संघ हिरवा, समोरचा तांबडा, तरी गड्याचं तोवर कधी अडलं नव्हतं, कारण कोल्हापुरातली सगळी खेळणारी पोरं तो चेहऱ्यावरून आणि चालीवरून ओळखायचा. त्या वर्षी मात्र दोन्ही संघांनी ऐन फायनलच्या सकाळी गोव्याहून एकेक पावणा खेळाडू उतरवला. दोन्ही चेहरे नवे. गोलसमोर आला तो त्यांचा, पण संग्रामला वाटलं, हा आपला पावणा.

आता मला सांगा, हे तेव्हाच बोलून मोकळं व्हावं की नाही? पण न्हाय! गडी गप्प बसला, शिव्या खाल्ल्या, आणि पुढे नोकरी कुठली धरली? तर दूध संस्थांसाठी आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरची तपासणी. प्रत्येक रेघेवर माऊस नेऊन तिचं नाव वाचायचं, मग ती कुठली ते कळायचं. दहा मिनिटांच्या कामाला तास जायचा. त्यावर ऑफिसात नाव काय झालं? संग्राम लई बारकाईनं बघतो!

जूनमध्ये मलकापूरकडच्या एका संस्थेचा फोन आला. "तुमचं रंग हायत का धुवून काढलेलं धोतर? सभेत पडद्यावर निम्म्या रेघा दिसल्याच न्हाईत!" मग आपोआप येणारे रंग, म्हणजे डिफॉल्ट, बदलायचं ठरलं. गावोगावचे सचिव काही रंग निवडत बसत नाहीत, सॉफ्टवेअर देईल ते मुकाट घेतात. काम आलं ऋतुराजकडे. त्याने मोठ्या हौसेने पहिला रंग ठेवला आपल्या तालमीचा हिरवा आणि दुसरा तांबडा. म्हशीचं दूध हिरवं, गाईचं तांबडं. रेघाही चांगल्या ठसठशीत.

सगळं ऑफिस खूश. शुक्रवारी दुपारी संघप्रिया म्हणाली, "संग्राम, तेवढं ओके म्हण की. तीनशे संस्थांना पाठवायचंय."

संग्रामने बघितलं. दोन जाड खाकी रेघा, मध्येच एकमेकींना कापून गेलेल्या. कापल्यानंतर म्हैस कुठली आणि गाय कुठली, देव जाणे. इथे माऊस तरी होता. सभेत भिंतीवरच्या आलेखाला कोण माऊस लावणार? एवढ्या गावांत आपल्यासारखे चार जण तरी असणारच. त्यातला एखादा सभेत उठून उलटं वाचणार, की झाला तोही फितूर.

"हे चालायचं न्हाय," तो म्हणाला.

"संघप्रिया, त्याला इचार, काय वाईट हाय त्यात," ऋतुराज गुरगुरला.

"मला दोन्ही रेघा एकाच रंगाच्या दिसत्यात," संग्राम म्हणाला. "तांबडं-हिरवं मला कळतच न्हाय. लहानपणापासनं."

संघप्रियाने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. ऋतुराजने आधी आलेखाकडे बघितलं, मग संग्रामकडे. त्याच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. मग खुर्ची गर्रकन वळवून चौदा वर्षांत पहिल्यांदा तो संग्रामशी थेट बोलला, आणि तेही ओरडूनच.

"म्हंजे तो गोव्याचा पावणा...?"

"मला वाटलं, आपला."

"आन् सांगायचं न्हाईस व्हय रं, मर्दा? आख्खी पेठ तुला फितूर म्हणत हुती, ते चाललं तुला?"

"चाललं की," संग्राम खाली बघत म्हणाला. "फितुराला आज ना उद्या माफ करतील, परत संघात घेतील, असं वाटलं. रंगच कळत न्हाईत म्हटल्यावर कोण खेळवणार हुतं मला?"

दर हंगामाला संघाची यादी ऋतुराजच लिहायचा, आणि दर हंगामाला हे एक नाव तोच गाळायचा. त्याने जोरात नाक ओढलं, आलेखातून आपल्या तालमीचा हिरवा काढून टाकला आणि खुर्ची संग्रामकडे सरकवली.

"निळा तरी कळतो का, सांग."